विचार करा, पण संध्याकाळपर्यंत सांगा

घर शोधतोय म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "बजेट किती?" बजेटची ओढाताण आहेच, पण ती निदान कागदावर मांडता येते. पगार, शिल्लक, हप्ता. जमलं तर जमलं, नाहीतर नाही. मला वैताग आलाय तो घाईचा. घरं कमी आणि गिऱ्हाईक जास्त अशा बाजारात आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी आपल्याकडून कमीत कमी वेळात उरकून घेतली जाते, आणि वर "मार्केटच असं आहे हो" हे ऐकून घ्यायचं. माझं स्पष्ट मत आहे की यातली बरीचशी घाई मुद्दाम तयार केलेली असते.

घर बघणं म्हणजे नेमकं काय होतं ते सांगते. दिलेल्या वेळेला पोचावं तर जिन्यातच आणखी दोन कुटुंबं उभी. सगळे एकमेकांकडे बघून कसनुसं हसतात आणि मोबाईलमध्ये डोकं घालतात. आत गेल्यावर घर आवडलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही, कारण मालक बघतोय. नाही आवडलं तरी दाखवायचं नाही, कारण ब्रोकर बघतोय. नवऱ्याशी बोलायचं तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पुटपुटत. मागून तिसरं कुटुंब आत येतं, त्यांच्यातल्या बाई खिडकी उघडून बघतात आणि म्हणतात, "उजेड छान आहे." संपलं! आता ते घर आपल्याला दुप्पट आवडायला लागतं.

अशाच एका घरात हॉलच्या एकाच भिंतीला नवा रंग होता. वाससुद्धा गेला नव्हता. मी विचारलं, "इथे ओल होती का?" ब्रोकर म्हणाला, "छे छे मॅडम, ॲक्सेंट वॉल केलीय." ॲक्सेंट वॉल म्हणजे उठून दिसावी म्हणून वेगळ्या रंगात रंगवलेली भिंत. इथे तीन पांढऱ्या भिंतींमध्ये चौथी पांढरी ॲक्सेंट वॉल! हात लावून बघावा म्हणून जवळ गेले तर तिथे नेमकं भलंमोठं कपाट. ते जरा सरकवता का, असं विचारेपर्यंत आमची वेळ संपली होती.

मग संध्याकाळी फोन. "मॅडम, तुम्ही निवांत विचार करा, काही घाई नाही. फक्त दुसरी पार्टी आज टोकन देतेय." ही दुसरी पार्टी मला कधी दिसलेली नाही, पण माझ्या सगळ्या शनिवार-रविवारांवर तिचीच सत्ता आहे. आणि खरी अडचण ही की ती प्रत्येक वेळी खोटी नसते. थाप समजून आपण थांबलो आणि सोमवारी घर खरंच गेलं, असंही झालंय. खरी पार्टी कुठली आणि फोनपुरती जन्माला आलेली कुठली हे ओळखायची सोय आपल्याकडे नाही. सगळा धंदा त्या अंधारावर चालतो.

ब्रोकर वाईट माणसं असतात असं मी म्हणत नाही. एक-दोघांनी तर "हे घर घेऊ नका" असं स्वतःहून सांगितलंय. दोष हिशोबात आहे. समजा दलाली दोन टक्के आहे. थोडं थांबून घराला जास्त पैसे मिळाले, तर त्या वाढलेल्या प्रत्येक शंभरातले दोनच रुपये ब्रोकरचे आणि उरलेले मालकाचे. त्या दोन रुपयांसाठी आणखी आठवडाभर लोकांना घर दाखवत कोण फिरेल? स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या उपनगरांतले जवळपास १ लाख व्यवहार तपासले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते इतरांच्या तशाच घरापेक्षा साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात, आणि किंमत ३.७ टक्के जास्त मिळवतात. म्हणजे थांबण्यात फायदा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. घर त्यांचं असलं की ते थांबतात, आपलं असलं की संध्याकाळपर्यंत! आणि बघा, यात नुसता घेणाराच नाही, विकणाराही घाईत ढकलला जातो.

घासाघीस करायचे दिवसही गेले. आता मागितलेल्या किमतीच्या वर जायचं, तेसुद्धा दुसऱ्याने किती सांगितलंय हे माहीत नसताना. "तुमचा बेस्ट आकडा सांगा" म्हणे. एकाच घराचा अंदाज पाच जण बांधतात. कुणाचा कमी निघतो, कुणाचा जास्त, आणि घर मिळतं ते बहुतेक वेळा ज्याचा अंदाज सगळ्यात वर चुकलाय त्याला. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात कंपन्यांचं असंच होतं हे केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन इंजिनिअरांनी १९७१ साली दाखवून दिलं होतं. त्यांच्याकडे निदान भूगर्भतज्ज्ञांची फौज होती. आमच्याकडे टॉर्च, मीटर टेप आणि सासऱ्यांचा अनुभव. त्यामुळे घर हातचं गेलं की मी आता पहिला अर्धा तास रडते आणि मग स्वतःला सांगते, ज्याला मिळालं त्याने बहुतेक जास्तच पैसे मोजलेत. थोडा उपयोग होतो.

एवढं करून आकडा जुळला तरी कर्ज काढून घर घेणाऱ्याचं घोडं अडतंच. बँक स्वतःचा माणूस पाठवून घराची किंमत ठरवते, आणि चढाओढीत वाढलेला आकडा त्याला मान्य असेलच असं नाही. बँक तिच्या किमतीवर कर्ज देणार, मधला फरक आपण खिशातून भरायचा. त्यात मालकाला कर्जवाला नकोच असतो. सगळे पैसे तयार असलेला माणूस आला की त्याचा आकडा थोडा कमी असला तरी घर त्याला जातं, आणि त्यात मालकाचं काही चुकतंय असं म्हणवत नाही. त्याला वेळेत पैसे हवेत. तोवर आपण वकिलाला कागद दाखवून त्याची फी भरलेली असते. घर दुसऱ्याचं, फी आपली.

पण मला सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच. सुरुवातीला आमची एक यादी होती. बाल्कनी हवी, सकाळचं ऊन हवं, आईंना गुडघ्यांमुळे लिफ्ट हवी, मुलीला अभ्यासाला कोपरा हवा. पहिलं घर गेलं आणि बाल्कनी यादीतून गेली. मग ऊन "असलं तर बरं" झालं. मग अभ्यासाचा कोपरा जेवणाच्या टेबलावर आला. परवा नवरा म्हणाला, "तिसरा मजला काही फार नाही, आई हळूहळू चढतील." मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. तो दुष्ट नाहीये, दमलाय. ही सगळी छाटणी आम्ही कधी बसून, बोलून केली नाही. प्रत्येक नकारानंतर एकेक गोष्ट आपोआप गळत गेली, आणि आता उरलेली यादी आमची कमी आणि बाजाराची जास्त वाटते.

सल्ले देणाऱ्यांचं काय सांगू? निम्मे म्हणतात थांबा, भाव पडणार. निम्मे म्हणतात आत्ता नाही तर कधीच नाही. एका मित्राने तर गणित सांगितलं: जेवढी घरं बघणार असाल त्यातली पहिली ३७ टक्के नुसती बघायची, घ्यायची नाहीत, आणि मग त्या सगळ्यांपेक्षा सरस असं जे पहिलं दिसेल ते उचलायचं. गणित खरं आहे, प्रसिद्धही आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की आपण "हो" म्हटलं की घर मिळतं. बाबा रे, आम्ही तर केव्हाचे "हो" म्हणतोय!

मला काही फुकट नकोय. दोन साध्या गोष्टी हव्यात. एक, ऑफर घ्यायची शेवटची तारीख घर दाखवायच्या आधीच जाहीर करा आणि ती पाळा. चार दिवस द्या, पण सगळ्यांना तेच चार दिवस. दोन, व्यवहार झाल्यावर किती ऑफर आल्या होत्या आणि घर कितीला गेलं हे हरलेल्यांनाही लेखी कळवा. नावं नकोत, आकडे पुरेत. ज्याच्याकडे खरीच दुसरी पार्टी आहे त्याला यात अडचण काय?

तुमच्यापैकी कुणी अलीकडे अशा बाजारात घर विकलं असेल तर जरूर लिहा. आलेल्यांपैकी एकाला निवडताना नुसता आकडा बघितलात का? आणि ब्रोकरने तुमच्यापर्यंत सगळ्या ऑफर पोचवल्या होत्या का, की तुम्हालाही "संध्याकाळपर्यंत सांगा" असंच म्हणाला होता?