किंमत लपवून घर कसं शोधायचं?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. आईबाबांचा डोंबिवलीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकून लिफ्टच्या इमारतीत दुसरा घ्यायचा आहे. मी एवढंच लिहिलं, की घरांच्या पोर्टलवरच्या प्रत्येक जाहिरातीखाली त्या फ्लॅटचा, निदान त्या इमारतीतल्या मागच्या व्यवहारांचा, नोंदणी झालेला आकडा दिसायला हवा. त्यावर चुलतभावाचं उत्तर आलं, "आपण कितीला घेतलं ते जगाला कशाला सांगायचं? तुमच्या लंडनचं इकडे चालत नाही, ताई." मी लंडनला नाही, इंग्लंडमधल्याच रेडिंगला राहते. पण ते असो.

मला राग आला तो 'चालत नाही'चा. इथे आम्ही घर बघत होतो तेव्हा राइटमूव्ह या इथल्या पोर्टलच्या नकाशावर बोटाने रेघ ओढून हवा तो भाग घेरायचो. शोध सोपा झाला तो त्या रेघेमुळे नव्हे. ते घर आधी कधी आणि कितीला विकलं गेलं ते तिथेच दिसत होतं, कारण लँड रजिस्ट्रीने, म्हणजे इथल्या सरकारी मालमत्ता नोंदणी खात्याने, इंग्लंड आणि वेल्समधले १९९५ पासूनचे विक्रीचे आकडे सगळ्यांना फुकट खुले ठेवलेत. ईपीसी (घराला ऊर्जा किती लागते त्याचा दाखला), कौन्सिल टॅक्स या स्थानिक कराचा बँड, फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकी) की लीजहोल्ड (मुदतीची भाडेपट्टी), हेही तिथेच. कितीतरी घरं आम्ही न बघताच बाद केली. आम्ही किती मोजले हे शेजारच्या बाईंना ठाऊक आहे, त्यांनी किती मोजले हे आम्हाला. त्यावरून कुणाचं काही बिघडलं नाही. इथेही गॅझम्पिंग होतं, म्हणजे ठरलेलं घर मालक जास्त पैसे देणाऱ्याला देतो; एकमेकांवर अवलंबून असलेल्या व्यवहारांची चेन तुटते, सॉलिसिटर म्हणजे वकील महिनोन्‌महिने लावतात. पण तो त्रास घर पसंत पडल्यानंतरचा. निवडताना तरी आम्ही अंधारात नव्हतो.

डोंबिवलीत बाबा अंधारातच फिरताहेत. जाहिरातीत साडेनऊशे चौरस फूट लिहिलेलं असतं, फोन केल्यावर कळतं की तो सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून; कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, साडेसहाशेच्या आत. फोटो भलत्याच फ्लॅटचे. पसंत पडलेला फ्लॅट "आत्ताच गेला काका, पण तसाच दुसरा आहे, बजेट थोडं वाढवा." एकदा नंबर दिला की दिवसभर फोन. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का, असं विचारलं की "सगळं क्लिअर आहे." मग उन्हातून तिथे जायचं आणि क्लिअर नाही हे बघून परत यायचं. चुलतभाऊ म्हणतो, आता एआय येईल, थ्रीडी टूर येईल, सगळं सोपं होईल. खोट्या क्षेत्रफळाची थ्रीडी टूर बघून बाबांनी काय करायचं?

आणि ही माहिती महाराष्ट्रात नाही असं कुठे आहे! नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-शोध या ऑनलाइन सेवेत सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, घरबसल्या बघता येते. त्यात मोबदला म्हणजे व्यवहाराची किंमत असते, बाजारभाव असतो, क्षेत्रफळ असतं, लिहून देणार आणि लिहून घेणार, म्हणजे विकणारा आणि घेणारा, यांची नावंसुद्धा असतात. लँड रजिस्ट्रीच्या त्या किमतींच्या यादीत नाव नसतं; पत्ता, तारीख, रक्कम अशी घराचीच माहिती असते. म्हणजे खाजगीपणाच्या नावाने जे लपवायचं म्हणताय ते आपल्याकडे आधीच जास्त उघडं आहे. फक्त ते ज्याला गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक भरून शोधता येतं त्याच्यासाठी. एजंटला येतं, आईला येत नाही. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, मे २०१७ पासून आहे. ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की मंजूर नकाशे, किती सदनिका बुक झाल्या, कोर्टात काय चालू आहे, सगळं दिसतं. हे आपल्याच राज्याने केलंय आणि मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने दाखवते. मग रीसेलचा जुना फ्लॅट घेणाऱ्याने काय पाप केलंय? त्याच्या जाहिरातीला सूची दोन, कार्पेट आणि भोगवटा प्रमाणपत्र जोडायला पोर्टलवाल्यांना कोण अडवतंय?

"रजिस्टर केलेली किंमत खरी कुठे असते?" हा भावाचा दुसरा मुद्दा, आणि यात दम आहे. काही रक्कम रोखीत सरकवायची सवय जुनी आहे. २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यावर रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, तरी ती पुरती गेलेली नाही. पण म्हणूनच आकडा जाहिरातीत हवा. ज्याने कागदावर कमी दाखवले त्याला पुढच्या गिऱ्हाइकासमोर तोच आकडा घेऊन उभं राहावं लागेल. एकदा तसं झालं की पुढचा दस्त खरा होईल.

मग ग्रुपवर ते वाक्य आलंच. "तुला कुठे इथे राहायचंय?"

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. मी रात्री झोपायच्या आधी डोंबिवलीतले फ्लॅट बघते, आईबाबांसाठी, आणि त्यांच्यासाठी नसलेलेही. कार्पेट किती, पूर्वेला की पश्चिमेला, स्टेशनला चालत जाता येईल का. अनिवासी म्हणून मला तिकडे फ्लॅट घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. कायद्याने माझं नातं असं नेमकं मोजून दिलंय. भावाने मला त्या नात्यातूनच थेट बाहेर काढलं. इथल्या माझ्या घराची किंमत सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि जिथे मी लहानाची मोठी झाले त्या इमारतीत एक घर कितीला जातं हे विचारलं तर मी परकी ठरते. हे मला लागलं. तो वाद घालतोय किमतीवर, मी भांडतेय विचारण्याच्या हक्कासाठी, हे मला आता दिसतंय.

आमच्या फ्लॅटची जाहिरात मी लिहून ठेवली आहे. कार्पेट मोजून लिहिलंय, लिफ्ट नाही हे पहिल्या ओळीत आहे, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि बाबांनी घेतला तेव्हाची सूची दोन जोडली आहे. चुलतभाऊ म्हणतो, गिऱ्हाईक भाव पाडेल. पाडू दे. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही, त्यांच्याशी रविवारी बोलणार आहे.