या पालींनी उन्हाळा नकोसा केलाय

माय वं, वैताग आलाय नुसता! उन्हाळा लागला की आमच्या भुसावळात माणसं अर्धमेली आणि पाली मात्र एकदम जोशात. बाहेर पारा ४५ च्या वर, आपण कूलरसमोरून हलत नाही, आणि या बयांना गरम भिंत म्हणजे सुखच, थंड रक्ताच्या ना. थंडीत कुठंतरी फटीत गपगार पडून असतात आणि उन्हं तापली की ट्यूबलाईटभोवती सगळं खानदान हजर.

आणि कोणाला सांगायला जावं तर ठरलेलं उत्तर, असू दे गं, किडे खाते ती. खाते ना, पण खाऊन घाण कुठं करते तेही बोला की! परवा पहाटे उठून ज्वारीचा घाटा शिजवला, कंबर मोडेस्तोवर बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, थापले, दिवसभर गच्चीवर वाळवले, रात्री वारं सुटलं म्हणून खाटेसकट खाली हॉलमध्ये आणले, तर सकाळी मधोमध काळी लेंडी, टोकाला पांढरा ठिपका. तो पांढरा ठिपका म्हणजे तिची लघवी बरं का, युरिक ॲसिड, अंगातलं पाणी वाया जायला नको म्हणून कोरडीच बाहेर टाकते. पाण्याची बचत कळते, बिबडे कळत नाहीत! त्या घाणीत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात म्हणून मी आजूबाजूचे चार बिबडेही फेकले, तर सासूबाई म्हणे वरचं खरवडायचं ना, तळल्यावर काय राहतं. मग घ्या ना तुम्हीच तळून!

उपाय सांगणारे तर विचारूच नका. मोराचं पीस लावा, अंड्याची टरफलं ठेवा. लावलं, ठेवली. टरफलाशेजारीच बसली होती टकामका बघत, पापण्या नाहीतच तिला मिटायला, डोळ्यावर धूळ बसली की जिभेनं चाटून घेते. आणि टरफलांना काय घाबरणार ती, देवाच्या फोटोमागं तिचीच दोन पांढरी अंडी होती.

झाडू मारला तर शेपटी टाकून पसार. आता ती शेपटी गॅसच्या ओट्यावर वळवळतीये, पोरगी किंचाळतीये, आणि मालकीण कपाटामागं निवांत. काही आठवड्यांत नवी शेपटी तयार, फक्त आत मणके नसतात, कूर्चेची नळी असते म्हणे. काय फरक पडतो तिला.

बरं चिकटते तरी किती! रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून बसली की आतून सगळं दिसतं, पोट इतकं पातळ की पोटातली अंडी दिसतात आणि बोटांखाली आडव्या पट्ट्याच पट्ट्या. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एकेका पायाला ५ लाखांच्या आसपास. डिंक नाही, काही नाही, केसांची टोकं भिंतीला इतकी जवळ टेकतात की रेणूंच्या ओढीवरच ती लटकते, २००२ साली अमेरिकेत केलर ऑटम नावाच्या शास्त्रज्ञानं आणि मंडळींनी हे दाखवून दिलं. टेफ्लॉनवर म्हणे घसरते. म्हणजे मी काय घराला नॉनस्टिक मारून घेऊ का?

आणि एवढी चिकटणारी ही बया माझ्याच अंगावर बरी पडते! काल कूलर चालू केला तर गवतातनं उडून थेट खांद्यावर. मी ओरडतीये आणि सासूबाई पंचांग शोधताहेत, डावा खांदा का उजवा गं म्हणून. वरून हुकूम, डोक्यावरून आंघोळ कर. नळाला पाणी येतं कधीतरी, टाकी तळाला गेलेली, पोरांच्या आंघोळी मी अर्ध्या बादलीत उरकते. कोणत्या खांद्यावर पडली की काय फळ ते सगळं छापलंय त्या पंचांगात, आंघोळीचं पाणी कुठनं आणायचं ते कोणत्या पानावर आहे?