एकवीस दिवसांची सुई : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या वाचनात राग आला होता. काल पुन्हा वाचली, आज सकाळी आणखी एकदा. आता लिहायला बसले आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. आमचे फॅमिली डॉक्टर आणि पुढे माझे शिक्षक झालेले सर वारल्यावर मी त्यांच्यावर जो लेख लिहिला तो तुम्हाला भाबडा वाटला. तुम्ही स्वतः मेडिसिनचे निवासी डॉक्टर आहात. तुम्ही लिहिता, की हे जुने फॅमिली डॉक्टर पेशंटला त्याचा आजार सांगत नसत, ऊठसूट सुया टोचत, आणि हात लावून निदान करण्याचं जे कौतुक होतं त्यातलं निम्मं अंदाजपंचे असायचं. आज इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे, सीटी स्कॅन आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "तुमच्यासारख्यांनी रंगवलेल्या देवमाणसांशी आमची तुलना होते आणि मार आम्हाला बसतो."

हे शेवटचं वाक्य मनाला लागलं. धुळ्यात २०१७ साली एका निवासी डॉक्टरला जमावाने मारलं, त्यात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० सालीच झाला होता, तरीही हे घडलं. माझ्या लेखाने त्या रागात काडीचीही भर पडत असेल तर ते मला नको आहे. सर सकाळी वॉर्डात यायचे तेव्हा त्यांच्या हाताशी आठ-दहा विद्यार्थी असत आणि एका पेशंटपाशी ते अर्धा तास थांबू शकत. तुमच्यासमोर ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असते आणि तुम्ही आदल्या रात्रीपासून जागे असता. यात तुमचा काही दोष नाही. लेखात हे यायला हवं होतं, आलं नाही.

पण "अंदाजपंचे" हा शब्द मी मान्य करू शकत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

१९७४ साली माझा दादा नऊ वर्षांचा होता. त्याचा उजवा गुडघा सुजला, दोन दिवसांनी तो उतरला आणि डावा घोटा धरला. ताप होता. चाळीत सगळ्यांचं एकच मत पडलं, वाढीचं दुखणं आहे, तेल चोळा. आई त्याला कडेवर घेऊन सदाशिव पेठेतल्या सरांच्या दवाखान्यात गेली. मी तिच्या पदराला धरून होते. सरांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी विचारलं, "वहिनी, दोन-तीन आठवड्यांपूर्वी याचा घसा दुखत होता का?" आईला आठवेना. दादानेच मान डोलावली. मग सरांनी त्याला झोपवलं, स्टेथोस्कोपचं तोंड आपल्या तळहातावर चोळून गरम केलं आणि छातीवर ठेवलं. बराच वेळ ऐकलं. मग दादाला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं.

तुम्हाला पुढचं सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते. घशातल्या एका जंतूच्या संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. सांधे काही आठवड्यांत बरे होतात, मागे खूणही राहत नाही. दुखणं गेलं म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि हृदयाच्या झडपा मात्र कित्येकदा कायमच्या बिघडायला लागलेल्या असतात. घसा पुन्हा आला की ताप पुन्हा, आणि दर वेळी झडप आणखी आखडते. हे थांबवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग : दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं.

तुम्ही लिहिता ती ऊठसूट सुई हीच. दादाला ती वर्षाला सतरा वेळा, तो पंचवीस वर्षांचा होईपर्यंत टोचली. म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. ते औषध दुधासारखं पांढरं आणि दाट असतं, बारीक सुईत अडकतं, म्हणून सुई जाड घ्यावी लागते आणि दुखतंही फार. सर बाटलीत पाणी घालून ती दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत, रवी फिरवावी तशी. हलवून फेस काढायचा नाही, असं कंपाउंडरला बजावत. तेवढ्या वेळात ते दादाला क्रिकेटचा स्कोअर विचारायचे. इंजेक्शन झाल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचे, रिअॅक्शन आली तर हाताशी असावा म्हणून. एकविसाव्या दिवशी आम्ही गेलो नाही तर बाविसाव्या दिवशी कंपाउंडर सायकलवर घरी हजर. दिवाळीतसुद्धा आला होता. दादा आज साठीच्या आसपास आहे आणि त्याची झडप शाबूत आहे. साध्या सर्दीसाठी मात्र सरांनी आम्हाला कधी सुई दिली नाही. बाबा हट्टाने मागायचे, "एक मारूनच द्या, उद्या ऑफिसला जायचंय." सर नाही म्हणत. त्यापायी दोन शेजारी दुसऱ्या दवाखान्यात जायला लागले.

आता इकोबद्दल. इथे तुमचं बरोबर आहे आणि तुम्ही लिहिलंय त्यापेक्षाही जास्त बरोबर आहे. कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांची तपासणी २००७ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या स्टेथोस्कोपने जेवढ्या मुलांचा झडपांचा आजार सापडला, त्याच्या सुमारे दहापट इकोमध्ये सापडला. म्हणजे चांगल्या कानांतूनही दहातली नऊ मुलं निसटतात. सरांच्याही निसटली असतील. त्यांना हे आकडे दाखवले असते तर ते पहिले इको शिकायला बसले असते, कारण पन्नाशीनंतर ते तरुण डॉक्टरांशेजारी स्टूल ओढून खरंच नवं तंत्र शिकले होते. पण इकोला कोणाला पाठवायचं, हे इको सांगत नाही. "घसा दुखत होता का" हा प्रश्न कुणीतरी विचारावा लागतो. अष्टांगहृदयात रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांनी करावी असं सांगितलंय. सर म्हणत, यातला प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी टाकून दिला जाणारा.

ते ससून रुग्णालयात ऑनररी, म्हणजे मानद डॉक्टर होते. सकाळी वॉर्ड, संध्याकाळी दवाखाना. मी १९८५ साली ससूनच्याच बी. जे. मेडिकल कॉलेजला आले तेव्हा पेठेतले आमचे डॉक्टर तिथे सर झाले. वॉर्डातली एक सकाळ मी लेखात लिहिली नव्हती. खेड्यातली एक बाई, वय असेल चोवीस-पंचवीस. खोकल्यातून रक्त पडायचं म्हणून दुसरीकडे कुठेतरी तिला सात महिने क्षयाची औषधं चालली होती. थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. आमच्यातल्या एकाने केस प्रेझेंट केली, तीही क्षय म्हणूनच. सर पलंगाच्या कडेला बसले. उभं राहून ते कधीच बोलत नसत. "बाई, लहानपणी सांधे सुजले होते का गं?" ती म्हणाली, "हो, त्यातच तर शाळा सुटली." आणि धाप कधीपासून? पहिल्या बाळंतपणापासून. सरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे घंटेसारखी पोकळ बाजू, हृदयाच्या टोकाच्या ठोक्यावर अगदी अलगद टेकवली आणि आम्हाला एकेक करून ऐकायला लावलं. तो आवाज म्हणजे लांबवर रस्त्याने बैलगाडी जावी तशी खालच्या पट्टीतली घरघर. बेल जरा दाबली की नाहीशी होते. मला पहिल्यांदा ऐकू आली नाही. सर म्हणाले, "आली म्हणून सांगू नकोस. ऐकू येईपर्यंत ऐक." चौथ्या वेळेला आली. आखडलेल्या झडपेमुळे फुप्फुसात रक्त तुंबतं, ते खोकल्यावाटे पडतं. तिला क्षय नव्हताच. पुढे तिच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली आणि ती चालत घरी गेली.

तासाच्या शेवटी सरांनी आम्हाला त्या बाईचे आभार मानायला लावले, तिचं नाव घेऊन. केस प्रेझेंट करणाऱ्या मुलाला ते रागावले नाहीत. त्याला एवढंच विचारलं, "सात महिने औषध घेऊन बरं वाटलं का, हे तू तिला विचारलंस?"

आता तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा. पेशंटला आजार सांगत नसत. हो, सांगत नसत. सरांनी माझ्या आजीलाही सांगितला नाही. मी लेखात हे टाळलं, ते जाणूनबुजून टाळलं, आणि ते चुकलं.

१९८९ साल. आजीच्या पोटात गाठ होती, यकृतापर्यंत पसरलेली. सरांनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं आणि आजीला म्हणाले, "अल्सर आहे, पथ्य पाळा." मी शेवटच्या वर्षाला होते. एका दुपारी आजीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तू डॉक्टर होतेयस ना, खरं सांग." मी म्हटलं, "अल्सरच आहे गं." तिला नरसोबाच्या वाडीला जायचं होतं. आषाढात म्हणाली, जरा बरं वाटलं की जाऊ. श्रावणातही तेच म्हणाली. बरं वाटायचं नव्हतं हे घरात तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. ती गेली तेव्हा वाडीला न्यायची लाल काठाची साडी ट्रंकेत घडी करून ठेवलेली सापडली.

त्या काळची रीत तशी होती, एवढं म्हणून मी सरांना सोडवू शकते. पण सरांनी स्वतःला सोडवलं नाही. दोन वर्षांनी मी त्यांच्याच युनिटला हाउसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, होते. एका पेशंटचे नातेवाईक "त्यांना सांगू नका" म्हणून विनवत होते. राउंड थांबवून सर आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी एका म्हाताऱ्या बाईला अल्सर सांगितला. तिचे शेवटचे चार महिने तिचे होते, ते मी तिच्या मुलाला देऊन टाकले." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग ते त्या पेशंटपाशी बसले आणि विचारलं, "तुम्हाला तुमच्या दुखण्याबद्दल किती जाणून घ्यायचंय?" तो म्हणाला, सगळं. त्यांनी सगळं सांगितलं, सावकाश, मधे पाणी देत. रुग्णाच्या संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल २००८ साली आला. ही गोष्ट १९९१ ची.

मी सरांना शिक्षक मानते ते या सकाळसाठी. हृदयातली घरघर ऐकायला मला दुसऱ्या कुणीही शिकवलं असतं. स्वतःची चूक विद्यार्थ्यांसमोर केससारखी मांडणारा दुसरा माणूस मला माझ्या सगळ्या नोकरीत भेटला नाही.

पावतीबद्दल तुम्ही विचारलंय. देत नसत, हे खरं. वहीत लिहीत, आणि ज्याच्याकडे नसतील त्याच्या नावापुढे रेघ मारत. काचेच्या सिरिंजा उकळून वापरत हेही खरं, आणि त्या पद्धतीत कावीळ पसरण्याचा धोका होता. डिस्पोजेबल सिरिंजा परवडायला लागल्या तशी त्यांनी उकळायची पेटी बंद केली.

तुम्ही रागाने लिहिलंत, पण दुर्लक्ष करून पुढे गेला नाहीत याबद्दल मी तुमची आभारी आहे. मूळ लेखातला "देवमाणूस" हा शब्द मी आज काढला आहे. तो शब्द सरांच्या तोंडावर कुणी वापरला की ते विषय बदलत. आजीचा परिच्छेद रात्री लेखात घालते आहे. बाबा गेले, पण दादाला आधी वाचून दाखवायचा आहे, कारण वाडीला तिला तो घेऊन जाणार होता.

आणि कधी पुण्यात आलात तर घरी या. सरांच्या मुलीने मला त्यांची एक वही दिली आहे. त्यात दादाच्या नावाखाली सोळा वर्षांच्या तारखा आहेत, एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने, त्यातली एक तारीख खोडलेली. त्या तारखेपुढे सरांनी लिहिलंय : "मी गावाला होतो. माझी चूक. दुसऱ्या दिवशी दिलं."