संक्रमण वनातले जमिनीवरचे कीटक आणि पेल्यांचे सापळे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभार. माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. महाबळेश्वरच्या सदाहरित रानापेक्षा वाईकडे उतरताना लागणाऱ्या संक्रमण पट्ट्यात (जिथे सदाहरित रान संपत जाऊन पानगळीचं सुरू होतं) जमिनीवरच्या कीटकांची विविधता जास्त असते, असं मी लिहिलं होतं; ते नुसते पेले, म्हणजे चालता चालता किडे आत पडावेत म्हणून जमिनीत पुरलेले सापळे, लावून ठरत नाही. उघड्या रानात किडे जास्त पळतात म्हणून जास्त पडतात. आणि त्यापायी इतके जीव मारायला नको होते.

पहिले दोन मान्य. लेखातलं ‘सर्वाधिक विविधता’ हे वाक्य मागे घेत आहे. पेल्यात पडलेला आकडा म्हणजे किडे किती आहेत आणि किती फिरतात, या दोन्हींचा मिळून परिणाम. सापळ्याभोवतीच्या झाडोऱ्याने आकडा बदलतो, हे कीटक-अभ्यासक ग्रीनस्लेड यांनी १९६४ मध्येच जमिनीवरच्या भुंगेऱ्यांबाबत दाखवलं होतं. अंजनी-जांभळाखालच्या दाट पाल्यात भुंगेरा अडखळत चालतो, उघड्या मातीवर सरळ धावतो.

पण म्हणून पेले टाकून द्यावेत हे पटत नाही. त्यांना पाचोळ्याच्या चाळणीची जोड हवी. मुंग्यांसाठी रुळलेली पद्धत अशी: २०० मीटरच्या रेषेवर दर १० मीटरला एक पेला, एकूण २०, आणि तितक्याच ठिकाणचा एकेक चौरस मीटर पाचोळा. पाचोळा साधारण १ सेंटिमीटर जाळीच्या चाळणीतून झटकायचा, खाली पडलेला चुरा जाळीच्या पिशवीत भरून ती विंकलरच्या कापडी झोळीत ४८ तास टांगायची. चुरा सुकत जातो तसे किडे बाहेर पडून खालच्या अल्कोहोलमध्ये येतात. पाल्याखालून फारशा न हलणाऱ्या बारीक मुंग्या पेल्यात क्वचितच पडतात, त्या इथे मिळतात.

पेल्यांचं बहुतेक काम काठापाशी बिघडतं. एकात एक असे दोन पेले पुरा, म्हणजे आतला काढताना माती ढासळत नाही. काठ मातीशी सपाट हवा. दोन-तीन मिलिमीटर वर राहिला तरी लहान मुंगी वळून जाते. खणल्यावर पहिले काही दिवस पकड फुगते, कारण उकरलेली माती मुंग्यांना खेचते. म्हणून झाकण लावून आठवडाभर थांबा, मग ४८ तास उघडा. आत एक तृतीयांश प्रोपिलीन ग्लायकॉल (पडलेले किडे टिकवणारा द्रव) आणि बाकी पाणी, शिवाय बिनवासाच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर हलका किडा पृष्ठभागावर तरंगून निसटतो.

मोजणीत मुंग्यांचे नग धरूच नका. वारुळाशेजारच्या एका पेल्यात एकाच जातीच्या शेकडो मुंग्या येतात. जात किती पेल्यांत सापडली, तेवढंच धरा. समजा २० पेल्यांत ४२ जाती मिळाल्या. त्यातल्या १२ एकाच पेल्यात आणि ६ दोनच पेल्यांत. न सापडलेल्या जातींचा अंदाज बांधणाऱ्या, संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांच्या सूत्रानुसार (छोटी दुरुस्ती सोडून) १२ चा वर्ग भागिले ६ ची दुप्पट, म्हणजे १२ जाती निदान राहून गेल्या. दोन रानांची तुलना ४२ वर नाही, या ५४ वर करायची, आणि तीही दोन्हीकडे सारखेच पेले असतील तरच.

एवढं करूनही जास्त जाती म्हणजे चांगलं रान असं नाही. संक्रमण पट्ट्यात दोन्हीकडच्या जाती येतात, आणि मोडलेल्या रानात पसरणारी पिवळी वेडी मुंगीही येते. यादी जुळवून पाहा: कोणत्या जाती फक्त सदाहरित भागातल्या, कोणत्या फक्त खालच्या पानगळीच्या. मला खरी उत्सुकता त्या यादीची आहे, बेरजेची नाही. ऋतूही सांभाळा. पानगळीच्या बाजूला उन्हाळ्याच्या तोंडाशी पाचोळा एकदम साचतो, त्यामुळे एकीकडचा नोव्हेंबर आणि दुसरीकडचा एप्रिल शेजारी ठेवता येणार नाही.

मारण्याबद्दल. बारीक मुंग्यांच्या कित्येक जाती सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू येतात, त्यामुळे काही नमुने घ्यावेच लागतात. पण ४८ तासांपलीकडे पेला उघडा ठेवू नये, पावसाळ्यात लावू नये (बेडकांची पिल्लं पडतात) आणि गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल वापरू नये. ते गोड आणि सस्तन प्राण्यांना विषारी असतं. पेल्याच्या तोंडावर दीड सेंटिमीटरची जाळी लावली तर चिचुंदरी वाचते, मात्र मोठे शेणकिडे नोंदीतून सुटतात. ते लिहून ठेवा. वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.