टोकेलाऊचे माड सोलरने सुकले नाहीत

देवगडच्या मावशीचं छपरावर सोलर बसवायचं ठरलं होतं. परवा तिने ते रद्द केलं, कारण घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला: ‘टोकेलाऊ बेटांनी 2012 मध्ये वीज सोलरवर नेली आणि पस्तावली. पॅनेल ऊन ओढून घेतात, त्याने माड सुकले. बेटावर जागा उरली नाही. खाऱ्या हवेत पॅनेल टिकत नाहीत. बनवायला लागते तेवढी वीज ते कधीच देत नाहीत. शेवटी परत डिझेलच.’ टोकेलाऊ म्हणजे प्रशांत महासागरातली, न्यूझीलंडच्या अखत्यारीतली छोटी बेटं. हा मेसेज जिथे तिथे फिरतोय, आणि माणसं त्यावर निर्णय घेतायत.

आधी माडांचं, कारण मावशी त्यालाच घाबरली. पॅनेल आजूबाजूचं ऊन खेचत नाही. त्याच्या काचेवर पडेल तेवढाच प्रकाश त्याला मिळतो, आणि सावली पडते ती त्याच्या खालच्या जागेवर. शेजारच्या माडाचं त्यात काय जातं? खरा त्रास उलटा आहे. पॅनेल एकाला एक जोडून ओळीत लावतात. एकावर झावळीची सावली आली तरी ओळीची वीज घसरू शकते. म्हणून सोलर बसवणारा आधी सावली कुठवर येते ते बघतो. आणि टोकेलाऊच्या योजनेत तर ढगाळ दिवसांसाठी खोबरेल तेलावर जनरेटर चालवायचा विचार होता. ती माणसं स्वतःचे माड सुकवतील?

जागेचं गणित कुणीही करावं. आटाफू, नुकुनोनू आणि फाकाओफो या तीन प्रवाळद्वीपांवर मिळून 4,032 पॅनेल आणि 1,344 बॅटऱ्या बसवल्या. क्षमता साधारण 1 मेगावॉट. सगळ्या पॅनेलांच्या काचा जोडल्या तर दोन एकरही भरत नाहीत. मधली मोकळी जागा धरून चार-पाच एकर समजा. टोकेलाऊची जमीन सुमारे अडीच हजार एकर आहे. रात्रीची वीज बॅटऱ्यांतून येते, हे मेसेजवाल्याने सोयीने गाळलं.

वीज परत न देण्याची गोष्ट तर फार जुनी थाप आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या अहवालानुसार युरोपातल्या उन्हातसुद्धा पॅनेल ती वीज साधारण वर्ष-सव्वा वर्षात फेडतं. पुढे वीस-पंचवीस वर्षं ते चालतं.

खाऱ्या हवेचं मात्र खरं आहे. स्टँड, नटबोल्ट आणि जोडण्या गंजतात; किनाऱ्यावर स्वस्तातलं लोखंड लावू नये, पॅनेल अधूनमधून धुवावं. हे देखभालीचं काम झालं, सोलर नको म्हणायचं कारण नव्हे.

डिझेलबद्दलही अर्धं खरं आहे. टोकेलाऊत विजेची मागणी वाढली तसा जनरेटर पुन्हा जास्त चालवावा लागला. पण लोकांनी त्यावर पॅनेल उपटून टाकली नाहीत, आणखी पॅनेल आणि बॅटऱ्या आणल्या. कारण तिथे विमानतळ नाही; डिझेल यायचं ते सामोआ या दुसऱ्या बेट-देशातून, एक दिवसाहून जास्त बोटीने, पिंपांतून. आपल्या घारापुरीला 2018 मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज नेता आली, कारण अंतर सात-साडेसात किलोमीटर होतं. लक्षद्वीप केरळपासून शेकडो किलोमीटरवर आहे. तिथे केबल नाही, डिझेल जहाजानेच जातं. म्हणून कवरत्ती आणि अगत्तीवर बॅटरीसकट सोलर प्रकल्प उभा राहिला, जानेवारी 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या आयुष्यात 190 लाख लिटर डिझेल वाचेल, असा सरकारचा अंदाज आहे.