ते कुंकवाचं पाणी नव्हतं
भयपटाच्या धाटणीच्या एका नृत्यनाट्यावरचा लेख वाचला. त्यात म्हटलंय की तिथले खून, पाठलाग मुद्दाम देखणे केलेत, म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. मला हे फार आतून पटलं. मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, आठ वर्षं खलनायक केला. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची रात्र, मंडप खचाखच, नाटक पहाटेपर्यंत. नायिकेला केसाला धरून ओढलं की शिट्ट्याच शिट्ट्या. वडशाकडच्या एका गावात तिचं कोपर फळीतल्या खिळ्यानं फाटलं. लोकांना वाटलं, कुंकवाचं पाणी आहे. ‘वन्स मोअर’ आला, आणि मी पुन्हा ओढलं. नंतर ती पडद्यामागं कोपरावर हळद दाबून बसली होती. एक शब्द बोलली नाही.

पॅरिसचं ग्राँ गिन्यॉल थिएटर १८९७ ते १९६२ असल्याच रक्तपाताच्या नाटकांवर, रंगमंचावरच्या खोट्या रक्तावर चाललं, म्हणजे ही भूक आमच्या गावापुरती नाही.

एकच काळजी वाटते. नाचात शरीर इतकं सुंदर दिसतं की लाज राहते बाजूला, डोळे तेवढे सुखावतात. पडणाऱ्या बाईचा चेहरा प्रेक्षकांकडे ठेवा, एवढीच विनंती. आम्ही तो कायम विंगेकडे ठेवायचो.