प्रिंट सर्व्हरला म्हणे १९२.१६८.१.१ द्या!

‘प्रिंटर सारखा ऑफलाइन? टेक्निशियनला पैसे देऊ नका’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. असले मेसेज मी वाचतही नाही. पण हा बडोद्यात, रावपुऱ्यात टॅक्सची कामं करणाऱ्या आमच्या मामांकडे पोचला आणि त्यांनी तो बरहुकूम अमलात आणला. मेसेजचं सांगणं असं: प्रिंट सर्व्हरला (म्हणजे प्रिंटर नेटवर्कला जोडणाऱ्या छोट्या डब्याला) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्त्याचा नंबर, हातानेच द्या. १९२.१६८.१.१ हा प्रिंटरसाठी राखीव नंबर आहे, तोच द्या. घरून प्रिंट काढायची तर राऊटरमध्ये ९१०० पोर्ट, म्हणजे प्रिंटरकडे जाणारं दार, उघडा. आणि १६९.२५४ने सुरू होणारा नंबर दिसला तर तोच कायम करा.

पहिल्यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. विंडोजमध्ये प्रिंटर आयपीवर जोडला की तो नंबर तिथे लिहून ठेवला जातो. उद्या राऊटरने त्या डब्याला दुसरा नंबर दिला की प्रिंटर ‘ऑफलाइन’. म्हणजे नंबर कायम हवाच. पण त्यासाठी राऊटरच्या डीएचसीपीच्या (आपोआप नंबर वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर जा, डब्याच्या स्टिकरवरचा, त्याची कायमची ओळख असलेला मॅक अ‍ॅड्रेस टाका आणि नंबर राखून ठेवा. हातानेच द्यायचा हट्ट असेल तर राऊटर जे नंबर वाटतो त्यांच्या बाहेरचा द्या.

‘प्रिंटरसाठी राखीव’ हे मात्र शुद्ध थाप. १९२.१६८ची अख्खी रांग खासगी नेटवर्कसाठी आहे; त्यात प्रिंटरचा असा वेगळा नंबर नाही. आणि १.१ बहुतेक ठिकाणी राऊटरचाच असतो. मग एका नंबरला दोघं ‘ओ’ देतात, कॉम्प्युटर इंटरनेटची मागणी प्रिंटरच्या डब्याकडे पाठवतो, डबा गप्प. मामांकडे नेट बंद पडलं ते नेमकं २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या गर्दीत.

पण खरा संताप आला तो ९१००वर. या पोर्टवर पासवर्ड नाही, विचारपूस नाही. जे येईल ते छापायचं, एवढंच त्याला ठाऊक. ऑफिसच्या आत ते ठीक. राऊटरमधून बाहेर उघडलं की जगातला कोणीही तुमच्या कागदावर छापू शकतो. ही कल्पना नव्हे. नोव्हेंबर २०१८मध्ये एका हॅकरने इंटरनेटवर उघडे पडलेले असे सुमारे ५० हजार प्रिंटर शोधले आणि एका यूट्यूबरला सबस्क्राइब करा, अशी जाहिरात त्यांच्यावर छापली. ती थट्टा होती म्हणून निभावलं. कित्येक प्रिंटरांत याच पोर्टवरून सेटिंगही बदलता येतं, आणि मामांच्या ऑफिसात लोकांचे पॅन आणि बँकेचे कागद छापले जातात! आजकाल बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा नंबर) मिळतच नाही, त्यामुळे हा उद्योग अनेकांकडे आपोआप फसतो, हे नशीब. ज्यांच्याकडे फसला नाही त्यांनी पोर्ट उघडणारा तो नियम राऊटरमधून आजच काढा. घरून प्रिंट हवी असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित, खासगी वाट) घाला, नाहीतर पीडीएफ ऑफिसातल्या मुलाला पाठवा, तो छापेल.

राहता राहिलं १६९.२५४. राऊटरकडून नंबर मिळाला नाही की डबा हा स्वतःच लावून घेतो. तो कायम केलात तर ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना प्रिंटर सापडणारच नाही. आधी केबल नीट बसवा, मग राऊटरचा डीएचसीपी चालू आहे का बघा.